सूर कुणाचा, लय कुणाची?

काकड्याचे दिवस आले की रिसोडच्या आजूबाजूच्या गावांत पहाटे टाळ वाजू लागतात. आम्ही बचत गटाच्या बायाही भजनाला बसतो. मागच्या कार्तिकात मात्र आमची पंचाईत झाली. पेटीवाल्या दादांनी आपल्या गळ्याला सोयीची काळी एक धरली. आम्ही वरच्या सप्तकात गेलो तर गळा चिरकायचा, खाली आलो तर आवाज टाळांत बुडायचा. लय तर अशी पळवली की शब्द तोंडात मावेनात. घरी येताना एक जण म्हणाली, "देवाचं नाव घेतलं का धावत्या एसटीत चढलो, तेच समजलं नाही बाई!"

आम्ही हसलो, पण प्रश्न मनात राहिला. सूर आणि लय ठरवायची कुणी? त्याच्याच दोन जुन्या गोष्टी आज सांगतो.

पहिली गोव्याची. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. त्यांच्यामागे पाद्री आले, चर्च आली आणि लॅटिन भाषेतलं समूहगान आलं. त्यात चार गट चार वेगवेगळे सूर एकाच वेळी धरतात आणि ते एकमेकांत मिसळतात. आपल्या भजनात सगळ्या एकच चाल गातात, तसं ते नाही. ज्या लोकांचा धर्म बदलला, त्यांची जुनी पुराणं मात्र हातातून गेली होती. गायचं काय, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता.

फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज, 1579 मध्ये गोव्यात आलेले. इथली भाषा ते मन लावून शिकले. 1616 मध्ये त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. मराठीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. अक्षरं तेवढी रोमन होती. तेव्हा आपले तुकोबा देहूत लहान होते. गोष्ट येशूची, पण ओवी आपली. तिचे पहिले तीन चरण यमकाने जुळतात, चौथा आखूड असतो. त्या आखूड चरणाशी गाणारीला श्वास घ्यायला जागा मिळते. म्हणूनच ओवी तासन्‌तास चालू शकते. परक्या देशातून आलेल्या माणसालाही उमजलं होतं, की लोकांच्या मनात शिरायचं तर त्यांच्याच लयीतून शिरावं लागतं.

दुसरी गोष्ट त्याच्या शंभर वर्षं नंतरची, इटलीतल्या व्हेनिस शहराची. तिथे पिएता नावाचा अनाथाश्रम होता. टाकून दिलेली तान्ही मुलं तिथे वाढत. त्यातल्या हुशार मुलींना गाणं-वाजवणं शिकवत. त्यांना आडनाव नसे, म्हणून कागदोपत्री त्यांची ओळख वाद्यावरून किंवा आवाजावरून होई. चर्चमध्ये त्या उंच गॅलरीत, जाळीआड उभ्या राहून गात. लोकांना चेहरे दिसत नसत, पण आवाज ऐकायला लांबलांबून माणसं येत.

आंतोनिओ विवाल्डी हे पाद्री 1703 पासून तिथे व्हायोलिन शिकवत. या मुलींसाठी त्यांनी पुष्कळ रचना केल्या. 'ग्लोरिया' हे देवाच्या स्तुतीचं समूहगान त्याच काळातलं, साधारण 1715 चं. पुढे ते विसरलं गेलं. 1920 नंतरच्या काही वर्षांत विवाल्डींची हस्तलिखितं सापडली आणि 1939 मध्ये इटलीतल्या सिएना गावी ते पुन्हा गायलं गेलं. आज त्याची कितीतरी ध्वनिमुद्रणं आहेत.

आम्ही ते मोबाईलवर लावलं आणि पेटी जवळ घेऊन बसलो. पहिला भाग द्रुत लयीत आहे. वाद्यं खालच्या सा वरून वरच्या सा वर उड्या मारतात, तुतारीसारखं ट्रम्पेट वाजतं. सा पांढरी दोनचा आणि सगळे स्वर शुद्ध. घरात लग्न निघाल्यासारखं वाटतं. मात्र जुन्या पद्धतीची वाद्यं घेऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांत हाच भाग बहुधा अर्धा सूर खाली, काळी एकला लागतो.

दुसऱ्या भागात पृथ्वीवरच्या माणसांसाठी शांतता मागितली आहे. इथे लय उतरते, सा पांढरी सातवर जातो, गंधार आणि धैवत कोमल होतात. एकेक आवाज हळूहळू येऊन मिळतो. भाषा आम्हाला कळत नव्हती, तरी एका मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. शांतता मागणाऱ्याला तिची किंमत ठाऊक असते, ते त्या सुरांतून पोहोचलं.

विवाल्डींनी लयीसाठी 'जलद', 'चालत्या चालीने' अशा अर्थाचे शब्दच लिहिले. लय आकड्यात मोजायचं यंत्र त्यांच्या काळी प्रचारात नव्हतं. म्हणून एका ध्वनिमुद्रणात दुसरा भाग निवांत चालतो, दुसऱ्यात लगबगीने. कागद तोच, भाव बदलतो.

यंदा आम्ही काकड्याच्या आधी बसून सूर शोधला. प्रत्येकीने आपल्याला न ताणता लागणारा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर गाऊन दाखवला. बहुतेकींना काळी चार जमली. पेटीवाल्या दादांना तसं सांगितलं. ते आधी कुरकुरले, मग म्हणाले, "बोला, लयपण तुम्हीच धरा." पहिला अभंग आम्ही संथ घेतला, प्रत्येक शब्द उमगेल असा. गजर तेवढा द्रुत.

तुमच्या मंडळातही एकदा असं बसून पाहा. पेटीवर बोट पडण्याआधी एकमेकींना विचारा, "बाई, तुला कुठला सूर जमतो?"