जीपचं स्टिअरिंग: खाचेपासून छर्‍यांपर्यंत

कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळताना आमच्या जुन्या जीपनं बाबांचा खांदा दुखवला, त्याला कारण मी. हौसेनं रुंद टायर मीच टाकले होते.

महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या. युद्धातल्या विलिसचे टायर ६.००-१६, म्हणजे अगदी अरुंद. त्या मापाला कॅम-लिव्हरचा साधा स्टिअरिंग बॉक्स पुरायचा. त्यात लिव्हरच्या पिना कॅमच्या खाचेत घासत सरकतात. वर्षानुवर्षं झिजल्या की 'प्ले' येतो.

पुढचा बदल म्हणजे स्क्रू आणि नट यांच्यामध्ये फिरते छर्रे. घासणं जाऊन गडगडणं आलं, हात हलका झाला. तेलाच्या दाबावरचं पॉवर स्टिअरिंग अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिसनं १९२६ मध्येच गाडीवर चालवून दाखवलं होतं. पण विक्रीच्या मोटारीत ते आलं थेट १९५१ ला, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. आपल्याकडे २०२० च्या थारलाही तेलाचंच होतं. २०२४ च्या रॉक्सला विजेचं आलं.

आम्ही छर्‍यांचा बॉक्स बसवला. पण मेकॅनिकनं आधी टाय रॉडचे सांधे आणि मधला बेलक्रँक बदलायला लावला. म्हणाला, "सांधे सैल असले तर नवा बॉक्स काय करणार?" टायरही पुन्हा अरुंद केले. आता बाबा टाकव्याला एकटेच जातात.