आधारगट व समूह-मानसोपचार : वऱ्हाडातील वाटचाल

एकाच प्रकारचा आजार, व्यसन, शोक वा सामाजिक आपत्ती भोगणाऱ्या व्यक्ती परस्परांना धीर, माहिती आणि व्यवहारातील मदत देण्यासाठी नियमितपणे एकत्र जमतात, अशा मंडळास आधारगट म्हणतात. समूह-मानसोपचारातही अशा व्यक्ती एकत्र बसतात; परंतु तेथे प्रशिक्षित उपचारकाचे मार्गदर्शन असते आणि सदस्यांची निवड, बैठकींचा क्रम व उपचाराचे उद्दिष्ट ही आधी ठरविलेली असतात. आधारगटात जुना सदस्य हाच नव्याचा मार्गदर्शक होय. दोहोंच्या मुळाशी अनुभव एकच आहे : आपले दुःख केवळ आपल्याच वाट्याला आलेले नाही, हे कळले म्हणजे माणूस बोलू लागतो. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत या अनुभवाला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी रूपे लाभली. त्यांच्या इतिहासावरून असे दिसते, की येथे एकत्र येण्याच्या जागांची वाण नव्हती; पीडित माणसाला त्या जागेपर्यंत नेणारे परिचित माणूस मिळणे, ही मुख्य अडचण होती.

समूहाचा उपचारासाठी जाणीवपूर्वक उपयोग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. अमेरिकेतील बॉस्टन येथे जोझेफ प्रॅट या वैद्याने १९०५ मध्ये गरीब क्षयरोग्यांचे वर्ग भरविले. आरोग्यनिवासाचा खर्च न झेपणाऱ्या या रोग्यांना घरच्या घरी विश्रांती, मोकळी हवा व आहार यांचे नियम पाळता यावेत, एवढाच मूळ हेतू होता. परंतु एकमेकांची प्रगती पाहून रोग्यांची उमेद वाढते, असे प्रॅट यांच्या ध्यानात आले. जेकब मोरेनो यांनी १९३२ च्या सुमारास ‘समूह-उपचार’ ही संज्ञा रूढ केली. दुसऱ्या महायुद्धात मनाने खचलेल्या सैनिकांची संख्या मोठी व मानसोपचारज्ञ थोडे, अशी स्थिती असल्याने इंग्लंडच्या लष्करी रुग्णालयांत या पद्धतीचा विस्तार झाला. दरम्यान १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उदयास आली. तिच्यात उपचारकाला स्थान नव्हते. मद्यपान सोडण्याची इच्छा हीच सभासदत्वाची एकमेव अट होती.

वऱ्हाडात या संज्ञा पोहोचण्यापूर्वी भजनी मंडळ, पारावरची बैठक व यात्रा ही सुखदुःख बोलण्याची परंपरागत स्थाने होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (३० एप्रिल १९०९ – ११ ऑक्टोबर १९६८) यांनी या परंपरेला संघटित रूप दिले. अमरावती जिल्ह्यातील यावली हे त्यांचे जन्मगाव. त्याच जिल्ह्यातील मोझरी येथे त्यांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापिला. श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखांतून गावोगावी सामुदायिक प्रार्थना सुरू झाली. जातिभेद न मानता एका ठिकाणी, एका वेळी, रोज बसणे हे तिचे वैशिष्ट्य. ग्रामसफाई, व्यसनमुक्ती व परस्परसाहाय्य यांचाही मंडळाच्या कार्यात समावेश होता. प्रार्थनेस उपचार म्हणता येणार नाही. स्वतःच्या व्यथेविषयी प्रत्येकाने बोलावे, अशी तिची रचनाही नाही. तथापि पुढे आधारगटाला आवश्यक ठरलेल्या तीन गोष्टी तिच्यात होत्या : ठरलेली वेळ, सर्वांना मोकळी असलेली जागा आणि न आलेल्या माणसाची चौकशी करणारे शेजारी.

कुष्ठरोग्यांच्या बाबतीत मात्र हा शेजारच तुटलेला होता. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्यांना पकडून आश्रयगृहात ठेवण्याचा अधिकार शासनास दिला होता आणि गावाची वागणूक बहुधा कायद्याहून कठोर असे. विदर्भात या रोग्यांसाठी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे काम आरंभिले. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये जगदंबा कुष्ठनिवासाचा पाया घातला. ‘तपोवन’ या नावाने तो परिसर पुढे प्रसिद्धीस आला. औषधोपचाराबरोबर शेती व उद्योग यांची जोड देऊन रोग्याला भिक्षेकडून श्रमाकडे वळविणे, हे त्याचे ध्येय होते. सारखाच भोग वाट्याला आलेल्या माणसांनी एकत्र राहून स्वाभिमान परत मिळवावा, हे आधारगटाचे तत्त्व येथे प्रत्यक्षात आले. पण त्यासाठी घर आणि गाव सोडावे लागे, ही त्याची किंमत होती. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार उपलब्ध झाला आणि रोगी घरी राहून बरा होऊ लागला. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. आधार मिळविण्यासाठी माणसाने समाजाबाहेर जाऊ नये, आधारच त्याच्या वस्तीत यावा, हा विचार त्यानंतर अधिक बळावला.

मनोविकार व व्यसन यांच्या बाबतीत हा विचार वऱ्हाडात उशिरा रुजला. एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेले नागपूरचे मनोरुग्णालय हेच या भागाचे मुख्य आश्रयस्थान राहिले. ते अमरावतीहून सु. १५० आणि अकोल्याहून सु. २५० कि.मी. अंतरावर आहे. आधुनिक आधारगट प्रथम मोठ्या शहरांत निघाले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे भारतातील कार्य १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाले. पुण्यात अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र स्थापिले. तेथे व्यसनी व्यक्तींच्या समूहचर्चेबरोबर त्यांच्या पत्नींच्या गटालाही महत्त्व देण्यात आले. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्यातच जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये संस्था उभी राहिली. आप्तांच्या गटांमुळे रुग्णाची सेवा करणाऱ्यालाही आधाराची गरज असते, ही जाणीव मराठी समाजात दृढ झाली. वऱ्हाडातील कुटुंबाला मात्र ही केंद्रे दूर होती. आठवड्याच्या बैठकीवर उभ्या असलेल्या उपचाराला अंतर हाच मोठा अडथळा ठरतो.

कोरडवाहू कापसाच्या या प्रदेशात १९९० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी भीषण रूप धारण केले. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही होते. कर्ज, नापिकी व भावातील चढउतार ही या आपत्तीची आर्थिक कारणे होत आणि कोणताही आधारगट ती दूर करू शकत नाही. परंतु कर्जाची लाज, झोप उडणे, घरात अबोला धरणे, दारूचा आश्रय घेणे व जगणे नकोसे होणे या अवस्थांत वेळीच मदत मिळाल्यास जीव वाचू शकतो, हेही तितकेच खरे आहे. मागे राहिलेल्या स्त्रियांपुढे शोकाबरोबर सावकाराचे तगादे, सातबाऱ्यावरील नाव व मुलांचे शिक्षण हे प्रश्न उभे राहिले. अशा स्त्रियांच्या एकत्र येण्यात सांत्वन आणि हक्कांची माहिती यांची फारकत करता येत नाही.

या पार्श्वभूमीवर ‘विश्राम’ हा प्रयोग उल्लेखनीय आहे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत तो राबविण्यात आला. गावसभा व लहान गटांच्या बैठकी घेऊन नैराश्याची लक्षणे लोकांच्या भाषेत समजावण्यात आली. गावपातळीवरील कार्यकर्ते प्रथम मानसिक आधार देत; गरजेनुसार व्यक्तीस प्रशिक्षित समुपदेशकाकडे आणि तेथून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविले जाई. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूल्यमापनानुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांवर गेले. ही वाढ सहापट आहे. तरीही चारांपैकी जवळजवळ तीन व्यक्ती मदतीपासून दूरच राहिल्या, हा या आकड्यांचा दुसरा अर्थ होय. महाराष्ट्र शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाने विदर्भ व मराठवाडा यांतील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनाची सोय केली आणि घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्तीला या साखळीचा पहिला दुवा मानले.

गटाचा शोध घेणाऱ्यास या इतिहासातून काही व्यावहारिक मार्ग सापडतात. गावातील आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र ही पहिली पायरी. त्यापुढे जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात समुपदेशन व गटबैठकींची चौकशी करता येते. अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आत्महत्येचे विचार येत असतील, तर गटाच्या ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयाची किंवा या सेवेची मदत घेणे आवश्यक असते. मद्यासक्तांच्या संघटनेत प्रवेशशुल्क नसते व पूर्ण नाव सांगावे लागत नाही. गटात जाण्यापूर्वी तो कोण चालवितो, तेथील बोलणे बाहेर जाऊ नये असा नियम आहे काय, पैसे मागितले जातात काय आणि डॉक्टरांचे औषध बंद करण्यास सांगितले जाते काय, हे पाहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास त्या गटापासून दूर राहणेच इष्ट. पहिल्या बैठकीत बोललेच पाहिजे असे बंधन चांगल्या गटात नसते. केवळ ऐकणे हाही सहभागच मानला जातो.

खेड्यातील गटापुढे शहराहून निराळ्या अडचणी असतात. तेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. त्यामुळे अनामिकता राखणे कठीण जाते आणि गुप्ततेचा भार सदस्यांच्या शब्दावर पडतो. पेरणी व वेचणीच्या दिवसांत बैठकी मोडतात. मेळघाटातील कोरकू भाषकांना मराठीतून आपली व्यथा पुरेशी सांगता येत नाही. स्त्रियांना बचत गटाच्या निमित्ताने घराबाहेर पडता येते, तर पुरुषाला ‘मन बरे नाही’ या कारणासाठी कोठे जाणे कमीपणाचे वाटते. म्हणून मनाच्या आजाराची वेगळी पाटी लावण्यापेक्षा बचत गट, भजनी मंडळ वा ग्रामसभा यांसारख्या चालत आलेल्या बैठकींना जोडून भरविलेला गट येथे अधिक जवळचा वाटण्याचा संभव आहे. आर्थिक संकटाचे निवारण हे शासनाचे व तीव्र विकारावरील उपचार हे वैद्याचे काम होय. त्या दोहोंपर्यंत माणूस जिवंत व बोलता पोहोचावा, हे गटाचे काम आहे. आणि ते बहुधा ‘मी बरोबर येतो’ असे म्हणणाऱ्या एका शेजाऱ्यापासून सुरू होते.