फोर्ब्स स्ट्रीटवरचे रानकोंबडे

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढली. त्यांत दोघे आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिल्या बैठका भायखळ्याच्या म्युझियममध्ये झाल्या. पुढच्याच जानेवारीत बिऱ्हाड फोर्ब्स स्ट्रीटवर, फिप्सनसाहेबांच्या दारूच्या दुकानात हलले. (जागा शिकाऱ्यांना सोयीचीच म्हणायची.) १८८६ मध्ये जर्नल सुरू झाले. पाडलेला पक्षी नेमका कोणता, हे सांगणारी चित्रे शिकारी सभासदांना हवी होती.

शिकारीच्या पक्ष्यांवर ह्यूम आणि मार्शल यांचे तीन खंड आधीच, १८७९ ते ८१ मध्ये, निघाले होते. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेस काढणारेच. काही चित्रकारांनी देखाव्यापायी अचूकपणा सोडला, अशी तक्रार त्यांनी त्याच ग्रंथात केली आहे. सोसायटीने अचूकपणाची बाजू घेतली. स्टुअर्ट बेकर यांची जर्नलमधली बदकांवरची लेखमाला १९०८ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिची चित्रे कोइलेमान्स, ग्रनवोल्ड, लॉज अशा नामवंतांची. १९२१ पासून शिकारीच्या पक्ष्यांचे खंड निघाले.

तेव्हा चित्रे बहुधा वाळलेल्या कातड्यांवरून काढली जात. सह्याद्रीतला राखी रानकोंबडा घ्या. त्याच्या मानेवरच्या पिसांना मेणाचा थेंब गोठल्यासारखे पिवळट ठिपके असतात. ते कातड्यावर टिकतात. तुऱ्याचा लाल रंग मात्र पक्षी मेल्यावर उडतो. तो चित्रकाराने नोंदी वाचून भरायचा. कारवी, पाचोळा, झाडांतून झिरपणारे ऊन यांची नोंद कोण करणार?

रानाची ही उणीव थोडीफार भरली ती प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये. तिथला प्राणिविभाग सोसायटीच्या संग्रहातून उभा राहिला. सोसायटीचे क्युरेटर प्रेटर यांच्या देखरेखीखाली पेंढा भरलेल्या पशुपक्ष्यांमागे त्यांची वसतिस्थाने रंगवली गेली. माझ्या मते ते काम ग्रंथांतल्या चित्रांहून सरस आहे.

१९४१ मध्ये सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले आणि चित्रांचा वाचक बदलला. त्याच्या हाती बंदूक नव्हती, दुर्बीण होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला वेसण घातली. १९८३ मध्ये जॉन हेन्री डिक यांच्या चित्रांचे मार्गदर्शक पुस्तक निघाले. पुढे कार्ल डिसिल्वांसारखा इथलाच चित्रकार लाभला. पण ओळख पटवणाऱ्या पुस्तकात एका पानावर दहा पक्षी बसवायचे, तर झाडाला जागा कुठून उरणार?

आता सोसायटीने कारवीच्या रानात बसून रंगवलेल्या रानकोंबड्यांचा एक खंड काढावा, एवढी मागणी तिच्या सभासदांनी जरूर करावी.