वजनकाट्यावरची शेती

शाळकरी मुलांच्या कुठल्याही विज्ञान परिषदेत जा, एक प्रकल्प हमखास दिसेल. पांढऱ्या पीव्हीसी पाइपला गोल भोकं, त्यात जाळीचे कप, कपात कोकोपीट आणि पालकाची किंवा लेट्यूसची कोवळी रोपं. खाली बादली, बादलीत माशांच्या टाकीचा छोटा पंप. मागे रंगीत चार्ट: ‘मातीविना शेती, भविष्याची शेती’. त्याखाली लाल अक्षरांत ‘९० टक्के पाण्याची बचत’.

मी नोकरीत कोड लिहितो. गेली तीन वर्षं अशा परिषदांना परीक्षक म्हणून जातो, कारण हल्ली निम्म्या प्रकल्पांना सेन्सर लावलेले असतात आणि ते तपासायला कोणीतरी हवं असतं. मुलं खूप मेहनत घेतात. घाम पुसत, एका दमात पाठ केलेलं सगळं सांगतात. पण त्या चार्टवरच्या ‘भविष्य’ या शब्दामुळे मी मागे, इतिहासात शिरलो. तिथे कळलं की हे ‘भविष्य’ तीनशे वर्षांहून जुनं आहे आणि त्याची सुरुवात शेती म्हणून झालीच नव्हती. एका साध्या प्रश्नाच्या मागे लागून माणसं तिथवर पोचली. प्रश्न असा होता: झाड खातं काय?

पाच वर्षं आणि दोन औंस

सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्माँट या फ्लेमिश वैद्याने एका कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली आणि त्यात ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं. पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड आणि वर सुमारे ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम २ औंसांनी कमी झाली होती. त्याने निष्कर्ष काढला की झाड सगळं पाण्यातूनच घडतं. हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली छापलं गेलं.

निष्कर्ष चुकला होता. झाडाच्या लाकडातला कार्बन हवेतून येतो, आणि हवा त्याच्या काट्यावर नव्हतीच. मातीतून गेलेल्या ज्या २ औंसांकडे त्याने काणाडोळा केला, त्यात बहुधा झाडाने शोषलेले क्षारही होते. तरीही हा प्रयोग मला फार आवडतो. ‘झाड माती खातं’ हे सगळ्यांना माहीत असलेलं उत्तर या माणसाने चक्क तराजूत घातलं होतं.

१६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्डने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात त्याने पुदिन्याची रोपं नुसत्या पाण्यात वाढवली होती. काही पावसाच्या पाण्यात, काही थेम्स नदीच्या, काही हाइड पार्कमधल्या नळाच्या पाण्यात. शिवाय काही पाण्यांत बागेतली माती कालवून. स्वच्छ पाण्यापेक्षा गढूळ पाण्यातली रोपं जास्त वाढली. म्हणजे नुसतं पाणी पुरत नाही, पाण्यात विरघळलेलं काहीतरी लागतं.

ते ‘काहीतरी’ नेमकं काय, याचं उत्तर १८६०च्या आसपास जर्मनीत युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी दिलं. नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, थोडं लोह. हे क्षार मोजून पाण्यात घातले, तर मातीचा कणही नसताना रोप वाढतं. त्यांना माती हटवायची नव्हती. मातीतल्या कशामुळे काय होतं हे कळावं म्हणून त्यांनी ती प्रयोगापुरती बाजूला ठेवली होती. आमच्या धंद्यात याला डिबगिंग म्हणतात: एकेक गोष्ट बंद करायची आणि नेमकं काय अडतं ते बघायचं.

पंचवीस फुटी टोमॅटो

प्रयोगशाळेतल्या या तंत्राची शेती करायला निघाला कॅलिफोर्निया विद्यापीठातला विल्यम गेरिके. १९२९ साली त्याने ही कल्पना मांडली. मग पाण्याच्या टाक्यांवर टोमॅटोचे असे वेल वाढवले की फळं तोडायला शिडी लागायची. वेल २५ फुटांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. १९३७ साली सेचेल या सहकाऱ्याच्या सुचवणीवरून त्याने या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव दिलं. ग्रीक भाषेत हायड्रो म्हणजे पाणी, पोनोस म्हणजे श्रम.

मग जे झालं ते आजच्या रील्सच्या जमान्यात सहज समजेल. शिडीवरच्या माणसाचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले. माती संपली, शेतकरी संपला, आता टाकीत धान्य पिकणार, अशा बातम्या आल्या. घरगुती टाक्या आणि क्षारांच्या पुड्या विकणारे उगवले. विद्यापीठाकडे पत्रांचा ढीग लागला. गेरिके आपली सूत्रं खुली करायला तयार नव्हता. त्याचं आणि विद्यापीठाचं फाटलं.

अखेर डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन या दोघांनी हे दावे तपासले आणि १९३८ साली सामान्य वाचकांसाठी एक पुस्तिका काढली. त्यातला निष्कर्ष अगदी थंड डोक्याचा होता. चांगल्या, सुपीक मातीतलं पीक आणि पाण्यातलं पीक यांत जादूई फरक नाही. ऊन, हवामान आणि जागा सारखी दिली तर उत्पादनाची मर्यादाही साधारण सारखीच. पानाला ऊन तेवढंच मिळणार असेल, तर मुळं कशात बुडवली यावरून चमत्कार होत नाही. गंमत म्हणजे, उत्साहावर पाणी ओतणाऱ्या या पुस्तिकेतलं पोषक द्रावण आजही ‘होगलंड द्रावण’ म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात.

ऊन मोजण्याचा हा विचार मराठी वाचकाला परका नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना हेच सांगितलं: पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब ठेवा.

जिथे मातीच नव्हती

मग हे तंत्र कुठे रुजलं? जिथे तुलना करायला माती नव्हती तिथे. पॅसिफिक महासागरातल्या वेक बेटावर पॅन अमेरिकन कंपनीची विमानं थांबत. बेट प्रवाळाचं, ताजी भाजी येणार हजारो मैलांवरून. १९३८ साली तिथे पाण्यावर भाज्या पिकवायला सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने अटलांटिकमधल्या असेन्शन या ज्वालामुखी बेटावर तेच केलं. युद्धानंतर जपानमध्ये टोकियोजवळच्या चोफू इथे त्यांनी सुमारे ५५ एकरांवर असा मळा उभारला. तिथे माती होती, पण शेतांना मैल्याचं खत घालायची पद्धत होती आणि कच्च्या सॅलडमधून सैनिकांना जंत, हगवण होईल अशी भीती होती.

आणि भारतात? १९४६ साली, बंगालचा दुष्काळ होऊन तीन वर्षं झाली असताना, शोल्टो डग्लस याने दार्जिलिंगजवळ कालिम्पाँगला प्रयोग सुरू केले. त्याचा विचार वेगळा होता. पंप, टाक्या, वीज हे सगळं गरिबाला कुठून परवडणार? त्याने वाफ्यात खडी-वाळू भरली, कोरडे क्षार वरून पसरले आणि हाताने पाणी दिलं. १९५१ साली त्याचं पुस्तक आलं आणि ही पद्धत ‘बेंगॉल सिस्टीम’ म्हणून ओळखली जाऊ लागली. आपल्या परिषदांतल्या एकाही चार्टवर मला कालिम्पाँग अजून दिसलेलं नाही.

एका किलोचे सहा किलो

एका जिल्हास्तरीय परिषदेत आठवीतल्या दोन मुलींचा प्रकल्प मी कधी विसरणार नाही. त्यांच्याकडे पाइप नव्हते, प्लॅस्टिकचे ट्रे होते. विषय मक्याचा हायड्रोपोनिक चारा. मका भिजवायचा, ट्रेमध्ये पसरायचा, सावलीत रोज पाणी शिंपडायचं. सात-आठ दिवसांत वीतभर हिरवीगार गादी तयार होते. दुष्काळी भागात हे तंत्र पुष्कळ पसरलं आहे. एकीच्या घरी चार गायी. गावात येऊन एक विक्रेता ‘एका किलोचे सहा किलो’ असं सांगून गेला होता आणि तिचे वडील कर्ज काढून त्याचं युनिट घ्यायच्या विचारात होते.

मुलींनी एक किलो मका घेतला. आठव्या दिवशी चारा भरला साडेपाच किलो. इथे बहुतेक प्रकल्प संपतात आणि चार्टवर टाळ्यांचं चित्र येतं. या दोघींनी मात्र तो चारा पत्र्यावर टाकून कडकडीत वाळवला आणि पुन्हा तोलला. ७८० ग्रॅम.

मी विचारलं, ‘‘मग बाकीचं काय होतं?’’

‘‘पाणी, दादा. आणि दाण्यातलं थोडं रोपानेच खाल्लं.’’

अगदी बरोबर. पहिल्या आठवड्यात कोंब स्वतःची साखर फारशी बनवत नाही, दाण्यातल्या पिठूळ साठ्यावर जगतो. त्यामुळे ओलं वजन पाच-सहा पट होतं आणि कोरडं वजन उलट घटतं. गोव्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संकुलात या चाऱ्याचा अभ्यास झाला, त्यातही हेच चित्र आहे. म्हणून चारा निरुपयोगी ठरत नाही. ऐन उन्हाळ्यात जनावराला हिरवं मिळतं, ते आवडीने खातं, पचायलाही सोपं. पण पोट भरायच्या हिशेबात एका किलोचे सहा किलो होत नाहीत. मुलींनी शेवटच्या तक्त्यात लिहिलं होतं: ‘घरी बांबू आणि जुन्या ट्रेंवर करू. युनिट नको.’

हिशेबाची दुसरी बाजू

आता चार्टवरच्या त्या ९० टक्क्यांकडे येऊ. हा आकडा हवेतला नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या लेट्यूसचा एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेतात किलोला सुमारे २५० लिटर पाणी, हायड्रोपोनिक हरितगृहात सुमारे २० लिटर. एकरी उत्पादन ११ पट. पण त्याच अभ्यासात तिसरी ओळ आहे, जी चार्टवर येत नाही: ऊर्जा ८२ पट. शेतात किलोमागे १,१०० किलोज्यूल, हरितगृहात ९०,०००. आपल्या मीटरच्या भाषेत एका किलो लेट्यूसला सुमारे २५ युनिट. ॲरिझोनाच्या हवेत हरितगृह थंड-गरम ठेवायचा खर्च त्यात मोठा आहे, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा नाशिकला लावता येणार नाही. पण कोणत्या रकान्यात शोधायचं ते कळतं.

बंद इमारतीत दिव्यांवर शेती करणाऱ्या कंपन्यांना हाच रकाना जड गेला. अमेरिकेतल्या एरोफार्म्सने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बाउरी २०२४ मध्ये बंद पडली, प्लेंटीने २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिघींकडे उत्तम सॉफ्टवेअर होतं. पण ऊन फुकट असतं आणि दिव्याचं बिल येतं.

या उभ्या शेतीच्या कल्पनेला बळ मिळालं ते एका वर्गातून. १९९९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डिक्सन डेस्पोमियर यांच्या विद्यार्थ्यांनी मॅनहॅटनच्या गच्च्यांवर किती पिकेल याचा हिशेब मांडला. उत्तर आलं, जेमतेम २ टक्के लोकांपुरतं. मग गच्चीऐवजी मजल्यांवर शेती केली तर, असा विचार सरांनी पुढे नेला. पुढे त्यातून पुस्तकं आली, गुंतवणूक आली, कंपन्या आल्या आणि काही गेल्या. विद्यार्थ्यांचं ते २ टक्के मात्र त्यांनी लपवलं नव्हतं. आवडती कल्पना आपल्याच गणितात नापास झाल्याचं त्यांनी वर्गात सांगितलं होतं.

त्यामुळे हायड्रोपोनिक्सचा प्रकल्प करणाऱ्या मुलांना मी तीन गोष्टी सांगतो. पाइपशेजारी मातीची एक कुंडी ठेवा, ऊन दोघांना सारखं द्या. पंपाचे युनिट लिहा. आणि पीक तोडलं की ओलं तोला, वाळवून पुन्हा तोला. चार्टवर तीन आकडे जास्त येतील, शीर्षक कदाचित थोडं छोटं करावं लागेल.