नांदेड-मुंबईला साडेनऊ तास, माद्रिद-बार्सिलोनाला अडीच. अंतर जवळपास तेवढंच, मग असं का?

औंढा नागनाथला रेल्वे स्टेशन नाही. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येणारा भाविक हिंगोली किंवा परभणीला उतरतो आणि पुढे एसटी नाहीतर जीप पकडतो. हिंगोली साधारण २५ किलोमीटर, परभणी त्याच्या दुप्पट.

तरी गेल्या काही वर्षांत या भागाची रेल्वे बरीच बदलली. पूर्णा-अकोला हा हिंगोलीवरून जाणारा मार्ग २००८ मध्ये मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. २०२४ मध्ये मुंबई-जालना जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई-जालना वंदे भारत नांदेडपर्यंत वाढली आणि परभणीला थांबू लागली.

आता विषय इंटरेस्टिंग होतो. मुंबई-नांदेड हे रेल्वे अंतर सुमारे ६१० किलोमीटर आणि वंदे भारतला लागतात साधारण साडेनऊ तास. तिकडे स्पेनमध्ये माद्रिद-बार्सिलोना ६२१ किलोमीटर आहे. तिथली सगळ्यात वेगवान गाडी हे अंतर अडीच तासांत कापते. तो मार्ग पूर्ण सुरू झाला फेब्रुवारी २००८ मध्ये, म्हणजे हिंगोलीत ब्रॉडगेज आलं त्याच वर्षी.

मग घोडं अडतं कुठे? बहुतेकांना वाटतं इंजिनात. खरं तर ते रुळात अडतं. वंदे भारत ताशी १६० किलोमीटरने पळू शकते, पण तिला पॅसेंजर आणि मालगाड्यांच्याच रुळावरून जावं लागतं. वाटेत कसारा घाट आहे. संभाजीनगर ते परभणी अजून एकेरी मार्ग आहे, म्हणजे समोरून गाडी आली की एकीला थांबावंच लागतं. स्पेनने वेगळाच मार्ग बांधला. त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, फाटक एकही नाही, वळणं लांबलचक आहेत आणि मालगाड्यांना तिथे जागा नाही. एवढंच नाही, देशातले जुने रूळ १६६८ मिलिमीटर रुंदीचे असताना नव्या मार्गासाठी फ्रान्ससारखी १४३५ मिलिमीटरची रुंदी घेतली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्गही याच १४३५ च्या मापाचा आहे.

युरोपात या गाड्यांची मजा मात्र फक्त वेगात नाही. स्टेशन शहराच्या मध्यात असतं. विमानासारखं दोन तास आधी जावं लागत नाही, बॅग आपल्याजवळच राहते. पॅरिसहून सकाळी निघालं की दोन तासांत ल्यों. फ्रान्सची टीजीव्ही या मार्गावर १९८१ पासून धावते. लंडन-पॅरिस सव्वादोन तास, तेही समुद्राखालच्या बोगद्यातून. पॅरिस-बार्सिलोना थेट गाडी साडेसहा तास घेते, पण वाटेत खिडकीतून भूमध्य समुद्राकाठची खाजणं दिसतात, त्यामुळे कुणी कुरकुर करत नाही.

फिरायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतीय पर्यटकांना युरेल पास मिळतो, पण तो खिशात आहे म्हणजे सीट मिळाली असं नाही. फ्रान्स, स्पेनच्या वेगवान गाड्यांत आणि युरोस्टारमध्ये सीटचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं, आणि पासवाल्यांसाठीच्या जागा लवकर संपतात. जर्मनीत बहुतेक गाड्यांत आरक्षणाची सक्ती नाही. वक्तशीरपणाची मात्र तिथे बोंब आहे. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर त्यांच्या हिशोबात ‘वेळेवर’ धरतात!

स्पेनमध्ये २०२१ नंतर याच रुळांवर दुसऱ्या कंपन्यांना गाड्या चालवू दिल्या. स्पर्धा वाढली, तिकिटं स्वस्त झाली. माद्रिद-बार्सिलोना एकेकाळी विमानांच्या गर्दीसाठी प्रसिद्ध होतं, आता तिथे विमानापेक्षा रेल्वेने जाणारे जास्त आहेत.

इकडे दुपारची वंदे भारत मुंबईहून परभणीला पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते. औंढ्याचे ५० किलोमीटर तिथून पुढे. त्यामुळे बरेच जण परभणीत मुक्काम करतात आणि सकाळच्या एसटीने नागनाथाला जातात.