ज्या मुलांना वेगळं ठेवायला शाळा काढली, तीच आज त्यांच्या वस्तीची शाळा आहे

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये क्ले स्ट्रीटवर गॉर्डन जे. लाऊ एलिमेंटरी स्कूल आहे. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं की महागडी खासगी शाळा आठवते. अमेरिकेत मात्र पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. ही शाळा तशीच, पण तिच्या जन्माची गोष्ट वेगळी आहे.

८ वर्षांच्या मुलीचा खटला

१८८४ साली मेमी टेप या ८ वर्षांच्या मुलीला तिचे आईवडील घराजवळच्या स्प्रिंग व्हॅली शाळेत घेऊन गेले. मेमी अमेरिकेतच जन्मलेली, इंग्रजी बोलणारी. तरीही मुख्याध्यापिका जेनी हर्ली यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, मुलगी चिनी वंशाची होती. दोनच वर्षांपूर्वी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली होती. त्या काळातली ही गोष्ट.

टेप कुटुंब कोर्टात गेलं आणि जिंकलं. मार्च १८८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही मेमीच्या बाजूने निकाल दिला.

पण तोवर राज्याच्या विधिमंडळाने पळवाट काढली. चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढायची मुभा देणारा कायदा झाला. एकदा वेगळी शाळा सुरू झाली, की या मुलांना दुसऱ्या शाळेत प्रवेश नाही. एप्रिल १८८५ मध्ये ‘चायनीज प्रायमरी स्कूल’ उघडलं. खटला जिंकलेली मेमी आणि तिचा भाऊ फ्रँक हेच तिथले पहिले विद्यार्थी ठरले.

शाळेवरून दोन देशांत तणाव

१९०६ च्या भूकंपात आणि आगीत चायनाटाउन बेचिराख झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिक्षण मंडळाने जपानी आणि कोरियन मुलांनाही याच वेगळ्या शाळेत, म्हणजे आता ‘ओरिएंटल स्कूल’मध्ये, जायचा आदेश दिला.

जपान खवळला. नुकतंच रशियाला हरवलेल्या देशाला दुखावणं अमेरिकेला परवडणारं नव्हतं. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शहराच्या महापौरांना आणि शिक्षण मंडळाला वॉशिंग्टनला बोलावून घेतलं. जपानी मुलांवरचा आदेश मागे घेतला गेला. बदल्यात जपानने मजुरांना अमेरिकेचे पासपोर्ट देणं थांबवायचं मान्य केलं. हाच तो ‘जंटलमेन्स अ‍ॅग्रीमेंट’.

चिनी मुलांच्या मागे असा ताकदवान देश नव्हता. त्यांची शाळा वेगळीच राहिली.

पाटी बदलत गेली

१९१५ मध्ये शाळेला नवी इमारत मिळाली. १९२४ मध्ये ‘ओरिएंटल’ हा शब्द जाऊन ‘कमोडोर स्टॉकटन स्कूल’ असं नाव आलं. १९२६ मध्ये अ‍ॅलिस फाँग यू इथे रुजू झाल्या. शहराच्या सरकारी शाळांमधल्या त्या पहिल्या चिनी-अमेरिकन शिक्षिका.

आशियाई मुलांना वेगळ्या शाळेत बसवायची मुभा देणारा राज्याचा कायदा रद्द व्हायला १९४७ साल उजाडलं. म्हणजे मेमीच्या खटल्यानंतर तब्बल ६२ वर्षं.

पुढे शाळेला गॉर्डन लाऊ यांचं नाव मिळालं. १९७७ मध्ये शहराच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सवर निवडून आलेले ते पहिले चिनी-अमेरिकन.

इथे एक गल्लत होते

‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ हा १९७४ चा गाजलेला खटलाही याच शहरातला. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना नुसतं वर्गात बसवणं म्हणजे समान शिक्षण नव्हे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला. पण त्या खटल्यातला लाऊ हा एक विद्यार्थी होता. शाळेला ज्यांचं नाव आहे, ते लाऊ वेगळे.

आज काय?

आज या शाळेत इंग्रजीसोबत कँटोनीजमधूनही शिकवलं जातं. नव्याने देशात आलेल्या कुटुंबांची मुलं इथे येतात. जी भाषा आणि जो वंश पाहून कधीकाळी मुलांना बाजूला काढलं, तीच भाषा आता वर्गात शिकवायची भाषा झाली आहे.

कोर्टाचा निकाल काही महिन्यांत लागला होता. तो खऱ्या अर्थाने अंमलात यायला मात्र दोन-तीन पिढ्या गेल्या.