उपकरणांची भाषा : एक ऐतिहासिक टिपण

प्रयोगशाळेतील उपकरणे संगणकाच्या आज्ञेत कशी आली, हा प्रश्न सामान्यतः अभियांत्रिकीचा मानला जातो. वस्तुतः तो भाषेच्या प्रमाणीकरणाचाही इतिहास आहे.

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेली जोडणी १९७५ मध्ये आयईईई ४८८ या नावाने प्रमाण ठरली. तिच्या परिभाषेत उपकरणे ‘वक्ता’ व ‘श्रोता’ या भूमिका घेतात. एका वेळी वक्ता एकच. आणि सर्वांत मंद श्रोत्याने ग्रहण केल्यावाचून पुढील अक्षर पाठविले जात नाही. हे संभाषणाचे नियम झाले. बोलावयाचे काय, ते मात्र प्रत्येक निर्माता स्वतंत्रपणे ठरवी. १९८७ च्या ४८८.२ ने वाक्यरचनेला शिस्त लावली आणि १९९० च्या एससीपीआयने समान शब्दसंग्रह दिला. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या पायथनमधून पुढे हीच वाक्ये उपकरणांना पाठविली जाऊ लागली.

प्रकाशीय चिपच्या चाचणीत या भाषेचा कस लागतो. तेथे लेसरची तरंगलांबी पायरीपायरीने बदलून चिपमधून बाहेर पडणारी प्रकाशशक्ती मोजतात. लेसर स्थिर होण्यापूर्वीच मापकाला प्रश्न केला, तर वाक्य व्याकरणशुद्ध असूनही आलेला आकडा त्या तरंगलांबीचा नसतो. ४८८.२ मध्ये ‘काम पूर्ण झाले काय?’ असा प्रश्न आहे. काम संपल्यावर ‘१’ हे उत्तर मिळते. परंतु ‘काम’ कशास म्हणावे, हे उपकरणाच्या रचनेवर अवलंबून असते. प्रमाणभाषा रूप निश्चित करते. अर्थाची जबाबदारी प्रयोगकर्त्यावरच राहते.